बागेतल्या जोडप्यांना हाकलायचं का? रविवारच्या बैठकीआधी मतं हवी आहेत

ऊनसावली

मंडळी, जरा घाईत विचारतेय. आमच्या वसाहतीला लागून पालिकेची बाग आहे. संध्याकाळी आजीआजोबा चालायला येतात, लहान मुलं घसरगुंडीवर असतात आणि मागच्या कडेच्या बाकांवर कॉलेजच्या वयाची जोडपी बसतात. बोलतात, हात धरतात, कुणाची मान कुणाच्या खांद्यावर असते. मी रोज तिथे चालते, याच्यापलीकडे काही पाहिलेलं नाही.

मागच्या आठवड्यात रहिवासी संघाच्या व्हॉट्सॲप गटावर एका जोडप्याचा लपून काढलेला व्हिडिओ आला. मुलीचा चेहरा स्वच्छ दिसतो. खाली "कुणाच्या घरची आहे?", "बापाला पाठवा" असे संदेश. आता रविवारी बैठक आहे आणि पालिकेला द्यायचा अर्ज तयार आहे: मागची बाकं काढा किंवा त्यांच्या मध्ये लोखंडी दांडे घाला, 'जोडप्यांना प्रवेश नाही' असा फलक लावा, पोलिसांची रोज गस्त ठेवा.

मी सही करणार नाही. पण बैठकीत एकटी पडणार आणि "तुम्हाला मुलगी असती तर कळलं असतं" हे ऐकावं लागणार. मला मुलगी आहे, ती एकोणीस वर्षांची आहे, आणि म्हणूनच मी सही करणार नाही. तुमचे अनुभव सांगा. विरोधातले असले तरी सांगा.

कट्टेकरी

आधी तो व्हिडिओ गटावरून काढायला लावा. आज, आत्ता. बाकीचं रविवारी.

स्पष्टवक्ता

माझं मत वेगळं आहे. प्रत्येक समाजाची एक मर्यादा असते. आपले आईवडील चारचौघांत एकमेकांचं नावही घेत नसत, म्हणून त्यांचं प्रेम कमी होतं असं नाही. सगळंच उघड्यावर आणायची ही रीत आपली नाही. बाग करदात्यांच्या पैशातून सगळ्यांसाठी केलेली असते. आजोबांना मान खाली घालून चालावं लागत असेल तर ती बाग त्यांचीही राहत नाही. अर्ज करण्यात गैर काय?

गिरगावकरीण

स्पष्टवक्ता, मी तुमच्या आईवडिलांच्या वयाची असेन, म्हणून सांगते. लग्न होऊन मी गिरगावातल्या चाळीत आले तेव्हा एका खोलीत सासू, सासरे, दोन दीर आणि आम्ही दोघं. नवऱ्याशी चार वाक्यं सलग बोलायची तर चौपाटी हीच जागा. रात्री जेवणं उरकली की आम्ही दोघं वाळूत जाऊन बसायचो. तिथे आमच्यासारखी कितीतरी जोडपी असत, सगळी आपापल्या एका खोलीतून सुटून आलेली. एकदा हवालदाराने काठी आपटून उठवलं. "कोण लागतो हा तुझा?" मी पदर सरकवून मंगळसूत्र दाखवलं. तो "बरं बरं" म्हणत पुढे गेला आणि शेजारच्या जोडप्याकडे वळला. त्या मुलीच्या गळ्यात काही नव्हतं. ती रडत रडत उठली, तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

आम्ही तेच करत होतो जे ती करत होती. तिने काय वेगळा गुन्हा केला होता? नाव न घेण्याचं म्हणाल तर ते आम्हाला आवडत होतं असं कुणी सांगितलं तुम्हाला?

शेवंती

आजी, तुम्हाला नमस्कार. मंगळसूत्राचा परवाना अजून चालू आहे. आमच्या होस्टेलच्या मुली बाहेर जाताना पर्समध्ये खोटं मंगळसूत्र ठेवायच्या, पोलिसांनी अडवलं तर घालायला.

आणि लग्न ठरलं की सगळं माफ होतं हेही बघा. त्याच बागेत, त्याच किल्ल्यावर प्री-वेडिंगचं शूटिंग चालतं. मिठी, कपाळावर ओठ, ड्रोन वरून फिरतोय, आणि मुलीची आई छत्री धरून बाजूला उभी. तो व्हिडिओ मग रिसेप्शनला आजोबांसकट सगळे मोठ्या पडद्यावर बघतात. म्हणजे आपल्याला मिठीचा त्रास होत नाही. मुलीने घरच्यांना न विचारता माणूस निवडला, याचा होतो.

वऱ्हाडी_ठसका

शेवंतीताई, लाख बोललात! आमच्या नागपूरच्या फुटाळा तलावावर बी तेच आहे. लग्नवाल्यांच्या फोटोसाठी लोकं बाजूला सरकून जागा देतात, आन् साधं पोरगापोरगी बसले का म्हणतात, 'काय जमाना आला बाप्पा'.

वकिली_कोपरा

कायद्याचं थोडं सांगतो, बैठकीत उपयोगी पडेल.

भारतीय न्याय संहितेचं कलम २९६ (जुन्या दंड संहितेचं २९४) सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील कृत्याबद्दल आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कृत्य अश्लील हवं आणि त्याने इतरांना उपद्रव झालेला हवा, दोन्ही गोष्टी लागतात. हात धरणं, शेजारी बसणं यात बसत नाही. दिल्लीत मेट्रो स्टेशनजवळ चुंबन घेतल्याच्या आरोपावरून एका विवाहित जोडप्यावर गुन्हा दाखल झाला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये तो रद्द केला. तरुण जोडप्याने प्रेम व्यक्त करणं अश्लीलतेच्या कलमात कसं येईल, हेच न्यायालयाला उमगेना.

आपल्याकडे जास्त वापरलं जातं ते महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ११०, सार्वजनिक ठिकाणचं असभ्य वर्तन. दंड १,२०० रुपयांपर्यंत. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईत मढ आणि अक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे पडले आणि चाळीसच्या आसपास जोडप्यांना धरलं, तेव्हा हेच कलम लावलं होतं. खोलीचं दार बंद, आत सज्ञान माणसं, आणि कलम सार्वजनिक ठिकाणचं! गदारोळ झाल्यावर पोलीस आयुक्तांना चौकशीचे आदेश द्यावे लागले. त्या प्रकरणात मुलांना सर्वात जास्त भोवलं ते दंडाचे पैसे नव्हेत. पोलिसांनी काहींच्या घरी फोन लावायला लावले, ते.

फलकाबद्दल: बाग पालिकेची आहे, तिथे कुणी यायचं हे ठरवण्याचा अधिकार रहिवासी संघाला नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांची गोष्ट वेगळी, तिथे पालकांना कळवण्याला अर्थ आहे. सज्ञान मुलीच्या बाबतीत नाही.

दोन_मुलांचा_बाप

मला इथे जुनाट म्हणतील, तरी लिहितो. माझी मुलं सहा आणि नऊ वर्षांची आहेत. हात धरण्याला माझी काहीच हरकत नाही. पण आमच्या बागेत झोपाळ्याच्या अगदी शेजारी एक जोडपं बरंच पुढे गेलेलं मी पाहिलंय. मुलगा विचारायला लागला. मी त्याला घेऊन निघून आलो. मी काठी घेऊन गेलो नाही, व्हिडिओ काढला नाही, पण राग आला. खेळायच्या जागेजवळ मोठ्यांनी भान ठेवावं ही अपेक्षा चुकीची आहे का? दर वेळी 'संस्कृतिरक्षक' हा शिक्का बसणार असेल तर माझ्यासारखे लोक त्या अर्जावर सही करून मोकळे होतात.

ऊनसावली

अजिबात चुकीची नाही. तुमच्यासारखी माणसं बैठकीत असतील म्हणूनच हा धागा काढला. तुम्हाला खेळण्याच्या कोपऱ्यापुरतं बोलायचं आहे. अर्ज मात्र अख्ख्या बागेसाठी आहे.

कट्टेकरी

लोक भिंतीला लागून उभे राहतात तेव्हा कुणाची संस्कृती बुडत नाही, हे अजून कुणी लिहिलं कसं नाही?

शेवंती

कट्टेकरी, ते आता इतकं घासून गुळगुळीत झालंय की समोरचा "मग दोन्ही बंद करा" म्हणतो आणि विषय संपतो. त्यापेक्षा नवरा रस्त्यात बायकोच्या कानाखाली मारतो तेव्हा सगळे 'घरगुती मामला' म्हणून पुढे जातात, हे बैठकीत विचारा. याला उत्तर मिळत नाही.

निवृत्त_फौजदार

नोकरीत असताना मी अशा गस्तीवर गेलोय, म्हणून दुसरी बाजू. बऱ्याचदा पोलिसांना हौस नसते. रहिवासी अर्ज देतात, नगरसेवक फोन करतात, वरून विचारणा होते, मग शिपाई पाठवावा लागतो. तो जातो, चार जणांना उठवतो, नोंद करतो. अर्जदार खूश.

पण उठवलेली मुलं घरी जात नाहीत. ती गावाबाहेर जातात. घाटात, टेकडीच्या मागे, बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात, जिथे दिवा नाही आणि माणूस नाही. तिथे त्यांची वाट बघणाऱ्या टोळ्या असतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्याच्या बोपदेव घाटात मित्राबरोबर गेलेल्या तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर कितीजण म्हणाले, 'रात्री तिथे गेलीच कशाला?' उजेडातल्या बाकावर कुणी बसू देत नाही, याचा विचार मी त्या वेळी फार थोड्यांच्या तोंडून ऐकला.

लुटारूंना एक गोष्ट पक्की माहीत असते. जोडपं तक्रार करणार नाही. मोबाइल गेला, साखळी गेली, मारहाण झाली, तरी मुलगी सांगते, 'साहेब, नाव लिहू नका, घरी कळेल.' अशा कितीतरी तक्रारी कागदावर आल्याच नाहीत, मी डोळ्यांनी पाहिलंय.

मराठवाड्याचा

फौजदारसाहेब, तुम्ही मुळावर बोट ठेवलंत. "घरी कळेल." सगळा खेळ या दोन शब्दांवर चालतो.

कॉलेजात असताना मी आणि माझी मैत्रीण (आता बायको) तळ्याकाठी बसलो होतो. गळ्यात पट्टे घातलेली तीन पोरं आली. आधी नाव विचारलं. आडनाव विचारलं. दोघांची आडनावं ऐकून एकमेकांकडे पाहिलं. मग माझ्या मैत्रिणीचा फोन हिसकावून 'पप्पा' असं लिहिलेला नंबर काढला आणि बोट त्यावर धरून उभा राहिला एक जण. मी खिशात होतं तेवढं दिलं. मारलं असतं तरी मी सहन केलं असतं. त्या बोटाची मला भीती वाटली, कारण तिचं शिक्षण त्या रात्री थांबलं असतं आणि महिन्याभरात लग्न लागलं असतं, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. पोलीस ठाण्यात जाण्याचा विचारही आला नाही. तिथेही पहिला प्रश्न तोच होणार होता.

म्हणून मला वाटतं, कायदा बदलून फार फरक पडणार नाही. संस्कृतीच्या नावाने फिरणाऱ्याच्या हातातली काठी आपण आईबाप त्याला देतो. ज्या मुलीच्या घरी फोन गेल्यावर बाप म्हणेल, "हो, मला माहीत आहे, तुम्ही कोण बोलताय? नाव सांगा," त्या मुलीला कुणी लुटू शकत नाही. आमची लेक अजून लहान आहे, पण आम्ही दोघांनी हे ठरवून ठेवलंय.

गिरगावकरीण

बाळा, तुझं आणि तुझ्या बायकोचं भलं होवो.

अनामिक_पाऊस

मराठवाड्याचा यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्या बाबतीत हे जास्त गडद होतं. दोन पुरुष हातात हात घालून रस्त्याने गेले तर आपल्याकडे कुणी वळूनही बघत नाही, मैत्री समजतात. पण बागेत अंधार पडल्यावर दोन पुरुष बसलेले दिसले की गणवेशातला किंवा गणवेश नसलेला कुणीतरी येतो आणि तोच फोन, तीच धमकी. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने दंड संहितेच्या कलम ३७७ मधून सज्ञानांच्या संमतीचे संबंध वगळले, त्या दिवशी मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडलो होतो. पैसे उकळणारे त्यानंतरही भेटतात, कारण घर तेच आहे. तुमच्या अर्जात 'जोडपी' म्हटलंय, त्यात आम्ही कुणाला दिसत नाही, पण गस्त आमच्यावरही येते.

वकिली_कोपरा

अनामिक, मुद्दा महत्त्वाचा. गस्तीवरच्या माणसाला काय करता येत नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. २००१ मध्ये बडोद्यात केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या एका शिपायाने रात्री मोटारसायकलवरून जाणाऱ्या जोडप्याला अडवून छळलं आणि घड्याळ काढून घेतलं. त्याला नोकरीतून काढण्यात आलं. डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने ती बडतर्फी कायम केली आणि पोलिसांनीसुद्धा नैतिक पहारेकरी होण्याचं कारण नाही, असं स्पष्ट सांगितलं. दोन दशकं लागली, पण निकाल आहे.

स्पष्टवक्ता

लुटणाऱ्यांचं समर्थन मी करत नाही, करणारही नाही. ते गुन्हेगार आहेत. पण चार गुंड आहेत म्हणून समाजाने सभ्यतेची अपेक्षाच सोडायची का? केरळात मध्यंतरी रस्त्यावर येऊन चुंबनाचं आंदोलन झालं. त्याने काय साधलं?

दगडफूल

त्या काळात नोकरीनिमित्त कोचीत होतो. आधी काय झालं ते बघा. ऑक्टोबर २०१४ मध्ये कोळिकोडमधलं एक कॅफे जमावाने फोडलं, कारण तिथे जोडप्याने चुंबन घेतल्याची बातमी वाहिनीवर आली होती. त्याला उत्तर म्हणून २ नोव्हेंबरला कोचीच्या मरीन ड्राइव्हवर लोक जमणार होते. बघ्यांची आणि विरोधकांची इतकी गर्दी झाली की आंदोलकच ताब्यात घेतले गेले. पद्धत तुम्हाला पटो न पटो, पण फोडाफोड कुणी केली आणि गाडीत कुणाला कोंबलं?

आणि लगेच काही सुधारलं नाही. ८ मार्च २०१७ ला, महिलादिनी, त्याच मरीन ड्राइव्हवर शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी बसलेल्या जोडप्यांना छड्यांनी हाकललं. पोलीस तिथेच होते. नंतर त्या पोलिसांवर कारवाई झाली. २००५ मध्ये मेरठच्या बागेत तर खुद्द पोलिसांनीच कॅमेऱ्यांसमोर मुलामुलींना थपडा मारल्या होत्या, त्या मोहिमेला 'ऑपरेशन मजनू' असं नाव होतं. तुम्ही ज्याला सभ्यतेची अपेक्षा म्हणता, ती दर वेळी अशाच हातांत जाते.

लोखंडी दांड्यांवरून आठवलं. २०२२ मध्ये तिरुवनंतपुरममध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयाजवळच्या बसथांब्यावर लांब बाक कापून त्याच्या तीन सुट्या खुर्च्या केल्या होत्या, मुलंमुली चिकटून बसतात म्हणून. विद्यार्थी आले आणि एकमेकांच्या मांडीवर बसले! फोटो देशभर गेले. महापौरांनी विद्यार्थ्यांची बाजू घेतली.

वऱ्हाडी_ठसका

मांडीवर बसले! हे बेस्ट आहे राजेहो. ऊनसावलीताई, हे बैठकीत नक्की सांगा.

रानवाटा

थोडं अवांतर. मी गडसंवर्धनाच्या कामात आहे. आमच्यातही काही गट जोडप्यांना गडावरून पिटाळतात, उठाबशा काढायला लावतात आणि त्याचे व्हिडिओ टाकतात. मला ते पटत नाही आणि मी आमच्या गटात ते होऊ देत नाही. तटावर कुणी नाव कोरलं तर माझं डोकं फिरतं. त्याला संरक्षित स्मारकांच्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, तिथे मी स्वतः तक्रार देतो. पण बुरुजावर बसून गप्पा मारणाऱ्या पोराला कान धरायला लावून शिवरायांचा कुठला मान राखला जातो? गडावर दारूच्या बाटल्या आणणाऱ्या टोळक्याशी पंगा घ्यायला मात्र फारसं कुणी पुढे येत नाही, कारण ते उलटून मारतील. जोडपं उलटून मारत नाही.

गोदाकाठ

इथे सगळे शहरातल्या बागांवर बोलताहेत. मराठवाड्याचा यांना त्या पोरांनी आडनाव विचारलं, ते वाक्य कुणी उचललं नाही म्हणून लिहितोय.

एप्रिल २०१४, नगर जिल्ह्यातलं खर्डा. सतरा वर्षांच्या दलित मुलाला शाळेतून ओढून नेऊन मारलं आणि झाडाला टांगलं. वरच्या जातीतल्या मुलीशी तो बोलतो, एवढा संशय पुरला. साक्षीदार फिरले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. त्याच जिल्ह्यात सोनईला जानेवारी २०१३ मध्ये तिघांना ठार मारलं होतं, तेही असंच.

शहरात काठी आपटली की जोडपं उठून जातं, त्याचा आपण धागा काढतो. गावात बाकच नसतं. तिथे मुलीशी उभ्याउभ्या बोलताना दिसणं पुरतं. दोन्हीकडे मुलीने कुणाशी बोलायचं ते आम्ही ठरवणार, हाच दावा आहे. बाईची निवड मोकळी सोडली तर जात टिकत नाही, हे काठी घेऊन फिरणाऱ्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये राज्यांना आपल्या मर्जीने लग्न करून जिवाला धोका ओढवलेल्या जोडप्यांसाठी सुरक्षित निवारे आणि जिल्हावार विशेष कक्ष करायला सांगितलं. आपापल्या जिल्ह्यात तो कक्ष कुठे बसतो, किती जणांना माहीत आहे?

शेवंती

गोदाकाठ, हे लिहिलंत ते फार गरजेचं होतं. यावर वेगळा धागा काढा, मी त्यात लिहीन.

स्पष्टवक्ता

खर्डा आणि बागेचा अर्ज एका ओळीत मांडणं मला पटत नाही. माणूस मारणं आणि बाक काढा म्हणणं यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. मात्र तो व्हिडिओ आणि 'बापाला पाठवा' हे प्रकार चूक आहेत, हे मान्य. माझं म्हणणं फक्त वर्तनापुरतं आहे, मुलीच्या घराचा शोध घेण्यापुरतं नाही.

ऊनसावली

स्पष्टवक्ता, तेवढं मान्य केलंत, आभार. बैठकीत तुमच्यासारखा विचार करणारे बरेच होते, आणि मला त्यांच्याशीच बोलायचं होतं.

आज बैठक झाली. व्हिडिओ काढून टाकला. टाकणाऱ्याने माफी मागितली नाही, पण गटाच्या नियमांत 'कुणाचंही चित्रीकरण नाही' हे आलं. फलकाची मागणी वकिली_कोपरा यांच्या मुद्द्यावर गळाली. गिरगावकरीण आजींचा किस्सा मी वाचून दाखवला तेव्हा दोन आज्या उठून म्हणाल्या, आमचंही असंच होतं. बाकं आणि गस्त यावर मात्र एकमत झालं नाही. पुढच्या रविवारी पुन्हा बसणार. मी पर्यायी अर्ज लिहितेय: मागच्या बाजूचे बंद दिवे सुरू करा, बाग रात्री नऊऐवजी दहापर्यंत उघडी ठेवा, स्वच्छतागृह दुरुस्त करा, बाकं आहेत तिथेच राहू द्या. अजून काय घालू?

निवृत्त_फौजदार

गस्तीला विरोध करू नका, तिचं काम नेमून द्या. छेडछाड, चोरी, नशा करणारी टोळकी, एवढ्यासाठी गस्त. बाकावरच्या सज्ञान माणसाचं नाव, नातं, घरचा फोन नंबर विचारायचा नाही, हे अर्जात लिहा आणि पोलीस ठाण्याला प्रत देऊन पोच घ्या. कागदावर असलं की शिपायालाही बरं पडतं, कुणी दबाव आणला तर तो दाखवू शकतो.

ऊनसावली

घातलं. शब्द तुमचेच ठेवलेत.

दोन_मुलांचा_बाप

खेळण्याच्या कोपऱ्याला कुंपण आणि 'ही जागा मुलांसाठी' अशी पाटी, एवढं घाला. बारा वर्षांखालची मुलं आणि त्यांचे पालक सोडून तिथे कुणीच बसायचं नाही, जोडपं असो की पत्ते खेळणारे काका. मग आमच्या इथल्या बागेसाठीही हाच अर्ज वापरतो. मसुदा इथेच टाकाल का?